सुलटी गिरकी

प्रमिलानं आणि मी मिळून शेवटचं साधंसुधं काम केलं ते गच्चीवर चादर पिळायचं. चादर जाड, सोलापुरी, मशीनमध्ये घालायची नाही हा तिचा हट्ट. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती तिच्या उजवीकडे पिळायला लागली, मी माझ्या डावीकडे. माझा हिशोब असा, की ती समोर उभी आहे, तिचं उजवं ते माझं डावं, म्हणजे मला उलटं फिरवलं पाहिजे. चादर नुसती दोघांमध्ये लोळत राहिली, पाणी काही निघेना. ती म्हणाली, "दोघांनी आपापल्या उजवीकडे पिळायचं असतं, चाळीस वर्षं झाली सांगून राहिले." मी म्हटलं, मशीन कशाला घेतलं मग. तिनं माझ्या हातातून टोक ओढून घेतलं, कठड्याच्या गजाला अडकवलं आणि एकटीनंच चादर पिळली. खाली आली, जेवली, जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही. संध्याकाळी माणसं जमली तेव्हा वर चादर अजून ओली होती. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. असेल. मला मात्र आधी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. भांडण अर्धं टाकून जातात का?

सून म्हणते, बाबा, लिहा, बरं वाटेल. बरं काही वाटत नाही, वर बोटं दुखतात. मी दहावी नापास माणूस, माझं ऱ्हस्व-दीर्घ नात बघेल. पण उजव्या-डाव्याचं हे भांडण चादरीवरून सुरू झालेलं नाही. ते सायकलवरून सुरू झालं, मी अठरा वर्षांचा असताना, आणि तेवढं सांगून टाकतो.

आम्ही तेव्हा लखनौत, महानगर नावाच्या वस्तीतल्या सरकारी क्वार्टरांत राहायचो. बाबा मूळचे वर्ध्याकडचे, कचेरीत कारकून. बदली होऊन लखनौला आले ते तिथलेच झाले. आपल्या लोकांची दहा-पंधरा घरं होती, सगळी कुणा ना कुणा सरकारी खात्यात चिकटलेली. दारं लागून, भिंती पातळ. पलीकडे कुणी कुकर लावला तर आमच्याकडे शिट्टी मोजली जायची. माय गावाकडून ज्वारीचं पीठ मागवायची, ते पोचेपर्यंत अर्धं कडू होऊन जायचं, तरी भाकर ती करायचीच. शेजारची भाभी तहरीचं, म्हणजे भाज्या घातलेल्या पिवळ्या भाताचं, ताट पाठवायची, माय त्या ताटात ठेचा घालून परत करायची, आणि मग भाभीच्या घरातून खोकल्याचे आवाज यायचे. उन्हाळा लागला की मलिहाबादच्या बागांत वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या निशातगंजच्या बाजारात ढिगानं यायच्या. माय त्यांचा तक्कू करायची, किसलेली कैरी, गूळ, तिखट, वरून मेथीची फोडणी. तसा तक्कू प्रमिलाला कधी जमला नाही. हे मी तिला सांगायचो आणि ती म्हणायची, मग जा तुझ्या मायकडे.

दहावीला मी दोनदा आपटलो होतो. बाबांच्या तोंडी त्या वर्षी एकच वाक्य, की या पोट्ट्यानं जन्मात एक गोष्ट पुरी केली नाही. खोटं नव्हतं ते. तबला सोडला, टायपिंग सोडलं, शाळेतलं लेझीम सोडलं. टायपिंग तर असं सोडलं की मास्तर चौकशी करत घरी आला. म्हणून बाबांनी हिंगणघाटच्या मामाला पत्र लिहिलं, की पोराला जिनिंगमध्ये लावून घे. मामानं उत्तर पाठवलं, पाठवा. कापसाच्या धुळीनं मामाचं नाक बारा महिने वाहायचं, ते डोळ्यांसमोर आलं की माझी भूक जायची. मला लखनौ सोडायचं नव्हतं. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्याच हिवाळ्यात निशातगंजच्या बाजूच्या मैदानात एक सायकलवाला आला. त्या काळी असे खेळ यायचे. माणूस सात दिवस सायकलवरून उतरायचा नाही. जेवायचा सायकलवर, दाढी सायकलवर, डोक्यावर बादलीभर पाणी ओतून आंघोळसुद्धा सायकलवर, आणि सगळा वेळ गोल गोल चालूच. भोंग्यावर गाणी वाजायची. लोक त्याला दुधाचे ग्लास द्यायचे. मी सातही दिवस गेलो. पण मला वेड लावलं ते त्याच्या एका करामतीनं. मध्येच तो सायकल जागच्या जागी थांबवायचा, दोन्ही ब्रेक आवळायचा, पायडलवर उभा राहायचा आणि सायकलसकट उड्या मारायचा, चिमणीसारख्या. प्रत्येक उडीत जरासा फिरायचा. आठ उड्यांत पूर्ण गिरकी, आणि पाय जमिनीला नाही. शेवटच्या दिवशी मी धीर करून विचारलं, कसं करता. त्यानं चालता चालताच सांगितलं, "पहले नज़र घुमाओ, फिर कंधा, फिर कमर. साइकिल अपने आप आएगी." पुढच्या फेरीला समोर आला तेव्हा म्हणाला, "दाँत बचाके."

सायकल आपोआप येते म्हणे. आमच्या घरी एकच सायकल, बाबांची, काळी, चोवीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची. उचलून पाहा एकदा, कळेल आपोआप येते का. बाबा सकाळी आठला ती घेऊन कचेरीत जायचे, सहाला परत यायचे. म्हणजे मला मिळायचे ते पहाटेचे दोन तास आणि संध्याकाळचा उजेड. क्वार्टरांच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ सपाट जागा होती, तिथं मी सुरू केलं. आधी नुसतं उभं राहायलाच महिना गेला. मग उडी. उडी मारली की पुढचं चाक उचलायचं आणि मागचं तिथंच. मागचं उचललं की मी हॅंडलवरून पुढं. मागच्या ब्रेकची दांडी ऐन वेळी सुटायची आणि पायडल नडगीवर बसायचं. उजव्या नडगीवर त्याचे व्रण अजून आहेत. मडगार्ड खडखडायचे म्हणून मी ते काढून ठेवले, त्याच दिवशी रस्त्यावर नळ फुटलेला, आणि बाबा पाठीवर चिखलाची पट्टी घेऊन साहेबासमोर उभे राहिले. मग पायडलच्या दांडीतली खीळ, कॉटर, वाकला. मग तीन स्पोक गेले. बाबा रोज सायकलवर बसण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारायचे, डॉक्टर पेशंटभोवती मारतो तशी, आणि म्हणायचे, "आज काय तोडलं बे?"

आणि हे सगळं प्रमिला बघायची. मेश्रामकाकांची मुलगी, शेजारच्या रांगेतल्या क्वार्टरातली, माझ्यापेक्षा वर्षानं लहान आणि दोन वर्गांनी पुढं. मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची. मी पडलो की पुस्तकातून डोकं वर, मग परत खाली. मराठी तिला सगळी समजायची पण बोलायची हिंदीच. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, त्याचाही मला ताप यायचा. लग्नानंतर मराठी बोलायला लागली, मुख्यतः मला बोलायला. एके दिवशी मी तिसऱ्या उडीला पुन्हा आडवा झालो तेव्हा ती पायरीवरून म्हणाली, "नीचे क्या देखते हो? पहिया कहीं भागा जा रहा है?" मी तिला म्हटलं, तू तुझा भूगोल बघ. पण ती गेल्यावर चाकाकडे न बघता टाकीकडे बघून उडी मारली, आणि चार उड्या सलग झाल्या. राग कशाचा येतो सांगू? चूक दाखवल्याचा नाही. बरोबर निघाल्याचा येतो.

मार्च संपता संपता सहा उड्या व्हायला लागल्या, मग सात, आणि एका सकाळी आठ. त्या सकाळी घरात जाऊन मी जाहीर केलं की जयंतीला आयटम करणार. एप्रिलमधली जयंती म्हणजे आमच्या क्वार्टरांतला वर्षाचा सण. मैदानात निळे झेंडे, टेबलावर फोटो, बाया पांढऱ्या लुगड्यात, त्रिशरण-पंचशील, पोरांची भाषणं, गाणी आणि शेवटी मोठ्या पातेल्यातली खीर. बाबा मंडळाचे सेक्रेटरी. ते भाकर मोडता मोडता थांबले. म्हणाले, ज्या माणसानं दिव्याखाली बसून जगातली पुस्तकं वाचली त्याच्या फोटोसमोर तू बेडकासारखा उड्या मारशील? माय म्हणाली, मारू द्या, निदान घरात तरी नाही मारणार. बाबा जेवले, हात धुतले, आणि टॉवेलला पुसता पुसता त्यांनी अट घातली. ती मला शब्दाशब्दानं आठवते. "आठ उड्या, पाय न टेकता, सगळ्यांसमोर. एक काम पुरं करून दाखव. केलं तर हिंगणघाट रद्द. नाही केलं तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसायचं, तोंड न उघडता." आणि मी माघार घेऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी ते खरंच तिकीट काढून घेऊन आले आणि मायच्या डब्याखाली ठेवलं.

जयंतीला नऊ दिवस राहिले तेव्हा मेश्रामकाका तालीम बघायला आले. काका मंडळाचे अध्यक्ष, भला माणूस, माझ्या बाजूनं बोलणारे ते एकटेच. मी त्यांच्यासमोर आठ उड्या मारल्या, चुकलो नाही. काकांनी टाळी वाजवली नाही. हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "पण तू तर उलटा फिरतोस." मला कळेना. काकांनी समजावलं, की आपण स्तूपाला फेरी घालतो, झेंड्याला घालतो, विहारात घालतो ती उजवी बाजू आत ठेवून. डावीकडून उजवीकडे, घड्याळासारखं. तू डावीकडे वळतोस. फोटोसमोर असं चालायचं नाही. मी म्हटलं, काका, मी फोटोला फेरी कुठं घालून राहिलो, मी माझ्याभोवतीच फिरून राहिलो. काका म्हणाले, "फोटोसमोर फिरशील ना? मग सुलटा फीर. म्हातारी माणसं बसतात समोर." त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं, कुठं लागतच नाही. ते गेल्यावर प्रमिला पायरीवरून म्हणाली, हे तर पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "तुमने पूछा कब?"

ज्यानं केलं नाही त्याला वाटेल, त्यात काय, डावीकडे येतं तर उजवीकडेही येईल. येत नाही. माझा डावा पाय पुढं असायचा, कंबर डावीकडे मोकळी, उजवीकडे गंजलेल्या बिजागरीसारखी. उजवीकडे एक उडी मारली की अंग परत डावीकडे पळायचं. पाय बदलून बघितले तर उभंच राहता येईना. तीन महिने घालवून मी जे शिकलो ते नऊ दिवसांत विसरायचं होतं आणि तेच उलटं करून शिकायचं होतं, कारण समोर म्हातारी माणसं बसणार होती. मी चिडून सायकलला लाथ मारली, अंगठा सुजला, त्यात दोन दिवस गेले. माय अंगठ्याला हळद लावताना म्हणायची, तू सायकल शिकून राहिला का सायकल तुला शिकवून राहिली? पहाटे मी टाकीजवळ, संध्याकाळी टाकीजवळ. प्रमिलाची परीक्षा होती तरी ती पायरीवर असायची. मी न विचारता सांगायची, खांदा राहिला मागं, आता कंबर राहिली, आता परत खाली बघितलं. एकदा तिनं विटेच्या तुकड्यानं जमिनीवर आठ रेघा ओढून दिल्या, चाक कुठं यायला हवं त्याच्या. मला वाटलं, ही आपल्या बाजूची आहे. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी उजवीकडून सात झाल्या. आठवी एकदाच झाली, तीही पाय टेकता टेकता.

जयंतीला मैदान भरलं. वाटेनं जाणारे बाहेरचे लोकही भोंगा ऐकून आत आले. माझा नंबर भाषणांनंतर, खिरीच्या आधी, म्हणजे सगळ्यांचं अर्धं लक्ष पातेल्याकडे. मोजणार कोण, हा प्रश्न आला. बाबा म्हणाले, हा स्वतः मोजेल तर चाराच्या आठ करेल. काका म्हणाले, आमची प्रमिला मोजेल. ती पांढऱ्या साडीत समोरच्या रांगेत मायच्या शेजारी बसली होती. मी फोटोला नमस्कार केला, सायकलवर उभा राहिलो, ब्रेक आवळले. मैदानात गवताची मुळं होती, टाकीजवळच्यासारखं सपाट नव्हतं. नजर उजवीकडे फिरवली. त्या उड्यांचं मला आज एवढंच आठवतं, की लोकांचे चेहरे तुकड्यातुकड्यानं सरकत होते, खिरीचं पातेलं आलं, गेलं, झाड आलं, झेंडा आला, आणि मग फोटो परत समोर दिसला. मी पाय टेकला. टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या, की कुणाच्या तरी कडेवरचं पोर रडायला लागलं. काका उभे राहिले. बाबासुद्धा खुर्चीवरून उठले, मी त्यांचं तोंड पाहिलं, आणि तसं तोंड मी माझ्यासाठी कधी पाहिलं नव्हतं. ते रांगेकडे वळून म्हणाले, "झाल्या ना आठ?"

प्रमिला माझ्या बाबांकडे बघत उभी राहिली. "सात हुए हैं, काका. आखरीवाले में पैर टिक गया."

टाळ्या एकदम नाही थांबल्या, तुकड्यातुकड्यानं थांबल्या. मेश्रामकाका म्हणाले, अगं फोटो तर समोर आला ना. ती म्हणाली, आला, पण पायावर आला. मायनं तिचा पदर ओढला, ती बसली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला म्हणाले, "उद्याची गाडी तीनची आहे." आणि खीर वाटायला गेले. मी खीर खाल्ली नाही. सायकल घरी नेऊन भिंतीला लावली.

हे भांडण आमचं पुढं जन्मभर चाललं. लग्नात, पोरं झाल्यावर, मी तारखात्यात खांबांवर चढायला लागलो तेव्हा, रिटायर झालो तेव्हासुद्धा. मी म्हणायचो, आठवी उडी झाली होती, पाय नंतर टेकला. ती म्हणायची, सात म्हणजे सात. मी म्हणायचो, एक आकडा खोटा बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं? त्यावर ती पोळी लाटत राहायची. आता मी एकटाच मोजतो. डोळे मिटून फिरतो, पातेलं, झाड, झेंडा. कधी आठ येतात, कधी सात. विचारायचं कुणाला.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माय माझी वळकटी बांधत होती. वाटेसाठी दशम्या आणि बाटलीभर तक्कू. तिनं दोरी एवढी आवळली की वळकटीला कंबर आली. माझे डोळे सुजले होते, आणि डोक्यात दुसरं काही नाही, नुसता संताप. बाबांवर नाही. ते आपल्या शब्दाला जागले होते. तिच्यावर. मी सायकल काढली आणि चौकातल्या नळावर गेलो. सकाळी सगळी क्वार्टरं तिथं रांगेत असायची, बाया, माणसं, दात घासणारी पोरं. बाबा बादली घेऊन रांगेत होते. प्रमिलाची घागर नळाखाली लागलेली. तिनं मला पाहिलं आणि नजर खाली घातली नाही, हेसुद्धा मला खटकलं. मी तिच्यासमोर सायकल उभी केली, पायडलवर चढलो, ब्रेक आवळले आणि म्हटलं, "मोज."

खाली शहाबादी फरशी होती, ओली. कुणीतरी म्हणालं, घसरेल पोरगा. मी उजवीकडे बघितलं. पहिली उडी. तिनं मोजलं, मोठ्यानं, आणि मराठीत, एक. दोन. तीनला सायकल घसरली, मी कंबर आत घेतली. चारला माझी पाठ तिच्याकडे होती आणि तिचा आवाज मागून आला. पाच. रांगेतलं कुणी हललं नाही. सहा. सात. घागर भरून वाहत होती, पाणी तिच्या पायांवरून फरशीवर येत होतं, तिनं नळ बंद केला नाही. आठ, ती म्हणाली. मी पाय टेकवला नाही. नववी मारली.

"पुरे," बाबा म्हणाले. "उतर. कचेरीला उशीर होऊन राहिला, सायकल दे."

मी उतरलो. हॅंडल त्यांच्या हातात दिलं. विचारलं, आणि तिकीट? त्यांनी सायकलभोवती आपली नेहमीची चक्कर मारली, मागचं चाक बोटानं फिरवून पाहिलं.

"परत करून ये चारबाग स्टेशनला. पायी जा."

मी घरी गेलो, डब्याखालून तिकीट काढलं, वळकटीची दोरी सोडून दिली आणि निशातगंजच्या रस्त्यानं पायी निघालो.